पिलं कापलेली बाग

बागेतली सगळी पिलं कापली गेली आहेत हे मला एका रविवारी कळलं. एरवी मी सकाळी सावद्याहून जळगावला जाते, माती तपासणीच्या प्रयोगशाळेत, आणि दिवेलागणीला परतते. आमची बाग मला रस्त्यावरून दिसते तेवढीच.

केळीच्या बुंध्याशी पिलं सारखी फुटत राहतात. ती कापावी लागतात, नाहीतर मोठ्या झाडाचं अन्न खातात. पण झाड निसवलं, म्हणजे घड बाहेर पडला, की एक जोमदार पील राखायचं. घड उतरला की तेच पुढचं झाड. अशा दुसऱ्या वर्षीच्या बागेला पिलबाग म्हणतात. आमच्याकडे हे कुणी कुणाला शिकवत नाही. माझे वडील, तोताराम नाना, राखायचं पील निवडताना एकेका झाडापाशी इतका वेळ उभे राहायचे की शेजारच्या शेतातले ईश्वरकाका बांधावरून ओरडायचे, "तोतारामभाऊ, एवढं निरखून पोरीले पोरगा पाहिला असता तं आज जावई पाणी धरत असता." नाना हसायचे. मीही हसायची.

बाग मार्चमध्ये निसवली होती. आता एप्रिल उतरणीला लागला होता आणि बुंध्यांशी नुसत्या कापल्याच्या खुणा होत्या, कडेने काळ्या पडलेल्या. एका ओळीवरून काही ठरवू नये म्हणून मी मधल्या ओळी पाहिल्या, मग विहिरीकडच्या. कुठेही पील राखलेलं नव्हतं.

कस्तुरा पाटाच्या पाण्यात विळा धूत होती. ती आणि तिचा नवरा सिंगा सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून आमच्याकडे कामाला येतात.

"कस्तुरा, राखायचं पील कुठं गेलं?"

"नानानी सांगं, एक बी ठेवानं नही."

"सगळी कापली?"

"बठ्ठी. मी परत इचारं, तं म्हणे तुले सांगं तेवढं कर." ती हसली. "सिंगा म्हणे, नाना परदेशमा जाई राह्यना, तठलं वारं आत्तेच लागी गयं."

नाना मे महिन्यात कॅनडाला जाणार होते, माझ्या धाकट्या भावाकडे, योगराजकडे. सहा महिने राहायचं आणि दिवाळीला परत यायचं. मधल्या काळात घड उतरवायचं काम ईश्वरकाका बघणार होते. "मी येईन तव्हा पिलबाग छातीले लागली पाहिजे," हे नाना गावात ज्याला त्याला सांगत होते. मी स्वतः ऐकलं होतं.

घरी आले तेव्हा ते ओट्यावर बसून गुडघ्याला तेल चोळत होते.

"नाना, पील राखलं नाही?"

"नही राखलं."

"का?"

"घड उतरले की रान मोकळं करू म्हटलं. टिश्यूची रोपं लावू नवी. पिलबागेत आता राम नही रायला."

"गेल्या वर्षी तुम्हीच म्हणत होता, पिलबागेसारखी बाग नाही."

"गेल्या वर्षी मी घरी व्हतो."

"मी आहे ना घरी."

"तू मातीच्या पुड्या मोजशीन का पाणी धरशीन?" ते म्हणाले आणि तेलाच्या बाटलीचं बूच लावायला लागले. ते नीट लागेपर्यंत त्यांनी वर पाहिलं नाही.

मी सावद्याला कशी आले ते इथं सांगायला हवं. सहा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा मी हैदराबादला एका संशोधन संस्थेत होते. कोरडवाहू जमिनीत पालाश कसा अडकून राहतो आणि पिकाला कधी मिळतो, यावर माझं काम चाललं होतं. आईचं तेरावं झालं आणि पाहुणे पांगले, तेव्हा नाना म्हणाले, "दिपमाला, आता तू इथंच ये." योगराजला ते असं म्हणाले नाहीत. त्याचं मूल तेव्हा नुकतंच जन्मलं होतं. मी आले. जळगावची नोकरी मिळाली. तिथं शेतकरी पिशवीतून माती आणतात आणि मी त्यांना कोणतं खत किती घालायचं ते सांगते. काम वाईट नाही.

या फेब्रुवारीत हैदराबादहून फोन आला. माझ्या जुन्या विभागात जागा निघाली होती. तेच काम, जिथं सोडलं होतं तिथून पुढे. मी ओट्यावरच बोलत होते आणि नाना शेजारी खाटेवर होते. मी नाही म्हटलं. वडील एकटे आहेत, असं कारण सांगितलं. फोन ठेवला तेव्हा नाना म्हणाले, "बरं केलं." त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः चहा केला. त्यांना चहा करता येत नाही. पत्ती फार पडली होती, पण मी तो पूर्ण प्यायले, कारण त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी गॅस पेटवला होता.

पिलं कापलेली पाहिली त्याच संध्याकाळी मी योगराजला फोन लावला. तिकडे सकाळ होती.

"ताई? तू कधी फोन करत नाहीस. नाना बरे आहेत ना?"

"बरे आहेत. त्यांचं परतीचं तिकीट कोणत्या तारखेचं आहे?"

"परतीचं अजून नाही काढलं. एकाच बाजूचं आहे."

"विमानतळावर अडवतील. पाहुणा म्हणून जाणाऱ्याला परतीचं तिकीट विचारतात."

"त्यांचा व्हिसा तसला नाहीये. आईवडिलांसाठीचा वेगळा असतो. एकदा आले की सलग पाच वर्षं राहता येतं."

"पाच वर्षं."

"येतं, असं म्हटलं मी. राहायलाच पाहिजे असं कुठं म्हटलं?"

"नानांना माहीत आहे हे?"

त्याच्यामागे कुकरची शिट्टी झाली. "ताई, नंतर बोलू का? ऑफिसची मीटिंग आहे."

"रविवारी?"

"इकडं असतं तसं," तो म्हणाला.

जानेवारीत नानांना वैद्यकीय तपासणीसाठी मुंबईला मीच नेलं होतं. छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी. सहा महिन्यांच्या पाहुण्याची एवढी तपासणी कशाला, असं मला तेव्हाच वाटलं होतं. नाना म्हणाले होते, "सगळ्यायचीच करता." आता त्याचा अर्थ लागला. योगराजनं सगळं इंटरनेटवरून स्वतः भरलं होतं, नानांनी फक्त मार्चमध्ये माझ्यासोबत मुंबईच्या कचेरीत जाऊन बोटांचे ठसे दिले होते. त्यानं त्यांना फसवलं असणार. सहा महिने म्हणून न्यायचं आणि ठेवून घ्यायचं. तिथं दोघं नोकरीला जातात, घरात मूल असतं, एक म्हातारा माणूस उपयोगी पडतो. बर्फात अडकलेले नाना मला दिसायला लागले, कुणाशी बोलता येत नाही, खाली उतरता येत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट बसत नव्हती. नानांना काहीच माहीत नसेल, तर त्यांनी पिलं का कापायला सांगितली? कामात असा न बसणारा आकडा आला तर मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. इथं मी तो बाजूला ठेवला.

त्यांना सांगायचं, आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दिवशी सांगायचं, असं मी ठरवलं. त्या दिवशी आत्या सोबत असणार होती. एकट्यानं ऐकण्यापेक्षा बहिणीसमोर ऐकलेलं बरं.

आखाजीला आमच्या खानदेशात सासुरवाशिणी माहेरी येतात. त्यांना आणायला माहेरचं माणूस जातं, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. नानांची बहीण, सुगंधाआत्या, धुळ्याला देवपुरात असते. पंचाहत्तरीची झाली तरी दर आखाजीला सावद्याला येते, आणि मी आल्यापासून तिची मुऱ्हाळी मीच. यंदा तिचा फोन आला की मला न्यायला येऊ नकोस, तोतारामलाच इकडं जेवायला घेऊन ये. आखाजीला भाऊ बहिणीच्या सासरी जेवायला जातो, असं मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, तिचे पाय दुखत असतील.

आखाजीला आम्ही गाडीनं धुळ्याला निघालो. एरंडोल, पारोळा मागे गेलं. नाना खिडकीतून दोन्हीकडची रानं बघत होते. कापसाची नांगरून पडलेली शेतं होती. एरवी ते प्रत्येक रानाला काहीतरी नाव ठेवतात. त्या दिवशी काही बोलले नाहीत.

आत्या चुलीपुढे होती. खापरावर मांडा टाकताना तिनं मान वळवली. "ये व मुऱ्हाळीबाई. यंदा उलटी मुऱ्हाळी झाली तुही."

"तुझे पाय कसे आहेत आत्या?"

"पायाले काय झालं? मह्ये पाय मस्त आहे."

तिनं नानांना टोपी घातली, टॉवेल दिला, दूर निघालेल्या माणसाला देतात तसा. मग आम्ही जेवायला बसलो. आमरस, मांडे, कुरडई. तिची सून वाढत होती.

"खाय रे तोताराम, पोट भरून खाय," आत्या म्हणाली. "तिकडे मांडे कोण करीन तुले?"

"सूनबाई करते पोळ्या."

"पोळ्या," आत्या म्हणाली, आणि त्या शब्दात योगराजच्या बायकोचं जे काय व्हायचं ते होऊन गेलं. मग ती रसाचं पातेलं पुढं ओढत म्हणाली, "पुढच्या आखाजीपासून मले कोण बोलावीन? मह्यं माहेर तं बंद झालं."

"असं काय म्हणतेस आत्या," मी म्हटलं. "नाना दिवाळीला येतील. आणि मी आहेच की."

तिची सून वाढता वाढता आत निघून गेली. मला वाटलं, बोलायची वेळ हीच आहे.

"नाना, तुम्हाला एक सांगायचं होतं. योगराजनं तुमचं परतीचं तिकीट काढलेलं नाही. त्यानं काढलेला व्हिसा पाच वर्षं राहण्याचा आहे. त्यानं तुम्हाला नीट कल्पना दिलेली नाही, असं मला वाटतं. अजून वेळ गेलेली नाही. आपण त्याला सांगू शकतो की परतीचं तिकीट हातात आल्याशिवाय तुम्ही निघणार नाही."

नानांची बोटं रसाच्या वाटीत होती. ती तशीच राहिली. आत्या माझ्याकडे बघत नव्हती, त्यांच्याकडे बघत होती.

"तोताराम, तू हिले सांगलं नही अजून?"

"सांगणार व्हतो," नाना म्हणाले.

"कव्हा? इमानात बसल्यावर?" आत्यानं हातातला मांडा टोपल्यात टाकला. "दिवाळीलेच तं ठरलं तुह्यं. मले म्हणे, अक्का, आता उरलेले दिवस नातवात काढतो. ईश्वरले रान कसायले देऊन मोकया झाला. आन् घरात राहणाऱ्या पोरीले ठाऊक नही?"

तेव्हा तो बाजूला ठेवलेला आकडा आपल्या जागी जाऊन बसला. रान ईश्वरकाकांना दिलं होतं. दुसऱ्याला द्यायचं रान माणूस मोकळं करून देतो, आपली पिलं त्यात ठेवून जात नाही. तिकीट, व्हिसा, व्यवहार, हे सगळं नानांनी माझ्यापासून लपवलं होतं, पण पिलं राखलेलं रान दुसऱ्याच्या हवाली करणं त्यांना जमलं नव्हतं. ईश्वरकाकांना माहीत होतं. योगराजला माहीत होतं. आत्याला, तिच्या सुनेला माहीत होतं.

"दिवाळीला ठरलं," मी म्हटलं.

नानांनी मान डोलावली.

"मग फेब्रुवारीत मला हैदराबादचा फोन आला तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"कोणता फोन?" आत्यानं विचारलं.

"तुम्ही खाटेवर बसला होता. मी नाही म्हटलं ते तुम्ही ऐकलं. का नाही म्हटलं तेही ऐकलं."

"ऐकलं."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

नानांनी वाटीतून बोटं काढली आणि टॉवेलला पुसली, नुकत्याच मिळालेल्या नव्या टॉवेलला. "तू तव्हाच गेली असती तं हे महिने म्या कसे काढले असते? मुंबईले कोणी नेलं असतं? औषधं, सैपाक? एकटा माणूस मी." कबुली दिल्यासारखं त्यांच्या आवाजात काही नव्हतं. शेतातली एखादी अडचण सांगावी तसं ते सांगत होते.

"म्हणून 'बरं केलं' म्हणालात."

"मह्यासाठी बरंच केलं ना तू."

"तोताराम, गप बस," आत्या म्हणाली.

"सहा वर्षांपूर्वी मला तुम्हीच बोलावलं होतं, नाना."

"तव्हा मले माणूस पाहिजे व्हतं," ते म्हणाले. मग आपण काहीतरी अपुरं बोललो असं त्यांना वाटलं असावं, कारण ते पुढं म्हणाले, "घर तुह्यंच आहे. तू रहा तिथं. दिवाबत्ती व्हत राहीन. मी कव्हा आलो तं दार उघडं पाहिजे."

मी ताटातला मांडा संपवला. अन्न टाकून उठायची सवय मला नाही. आत्या माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते, पण तिनंही दिवाळीपासून मला दर आठवड्याला फोन केला होता, आणि एकदाही काही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी हैदराबादला फोन केला. जागा मार्चमध्येच भरली गेली होती. जुन्या विभागातल्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, तू नाही म्हणालीस तेव्हा मला वाईट वाटलं होतं, पण वडिलांसाठी म्हटल्यावर मी काय बोलणार. पुन्हा कधी जागा निघेल का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, या विभागात आता बहुतेक नाही.

मी नानांची बॅग भरली. गरम कपडे, डॉक्टरांच्या सहीची औषधांची चिठ्ठी, उडदाचे पापड. काट्यावर ठेवली, जड झाली म्हणून थोडे पापड काढले. नाना जवळ बसून बघत होते. "लोणचं नही ठेवलं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं की फुटलं तर कपडे खराब होतील. मी पूर्वीसारखीच सगळं करते आहे हे पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला. ते ईश्वरकाकांना म्हणालेही, "समजदार पोरगी आहे. एक दिवस रुसली, आता काही नही." ईश्वरकाका माझी नजर चुकवत होते. त्यानंतर त्यांनी जावयाचा विनोद केला नाही.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी नानांना जळगावच्या विमानतळावर नेलं. इथून मुंबई, मुंबईहून पुढे. दुपारचं ऊन होतं आणि आत जाणाऱ्यांची छोटी रांग दारापर्यंत आली होती. आत फक्त प्रवाशांना सोडतात. नानांनी धोतर सोडून पँट घातली होती आणि ती त्यांना सारखी वर ओढावी लागत होती. रांगेत उभं राहिल्यावर त्यांनी कमरेच्या करदोड्याला हात घातला, चाव्या सोडल्या आणि माझ्यापुढे धरल्या.

"ही घराची. ही कोठीची. जपून ठेव."

"मी तिथं राहणार नाही, नाना. जळगावात खोली घेतली आहे. आजच सामान हलवते."

त्यांना आधी ते नीट कळलं नाही. "आन् घर?"

"बंद राहील. चाव्या मी ईश्वरकाकांकडे पोचवते. रान त्यांच्याकडेच आहे."

"मले सांगलं नही तू."

"नाही."

रांग पुढे सरकली. नाना सरकले नाहीत, मागच्या माणसानं त्यांना हलकेच हात लावला तेव्हा सरकले.

"मंग मी आलो तं कुठी येऊ?" त्यांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता. मी त्यांना इतक्या वर्षांत असं विचारताना ऐकलं नव्हतं.

"येणार आहात का?"

उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात आमचा नंबर आला. दारावरचा जवान तरुण होता, हसरा. त्यानं तिकीट आणि पासपोर्ट घेऊन पाहिलं. "अरे वा, आजोबा, कॅनडा. कोण आहे तिकडं?"

"पोरगा आहे. नातू आहे."

"मग परत कधी येणार?"

नाना माझ्याकडे वळले. बँकेत, दवाखान्यात, मुंबईच्या त्या कचेरीत, खिडकीपलीकडच्या माणसाला उत्तर नेहमी मीच द्यायची. नाना माझ्याकडे बघायचे आणि मी बोलायची. जवानही आता माझ्याकडे बघायला लागला.

मी गप्प राहिले.

"नही येत आता," नाना त्याला म्हणाले.

जवानाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. त्यानं तिकीट आणि पासपोर्ट एकत्र करून परत दिलं. नानांनी ते घेतलं, चाव्यांची मूठ उघडून माझ्या हातात चाव्या ठेवल्या, आणि बॅग ओढत आत गेले. काचेपलीकडे त्यांना पुढं कुठं जायचं ते कळेना. ते एका बाईला विचारताना दिसले. तिनं डावीकडे हात केला.

मी गाडीत बसले. उन्हानं स्टिअरिंग तापलं होतं, हात लावता येत नव्हता. ते निवेपर्यंत मी दार उघडं ठेवून बसले. मग ईश्वरकाकांना फोन करून सांगितलं की चाव्या आणून देते आहे, घरी थांबा.